तुळसाक्का आणि न फाटलेला सदरा

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात माझं अस्तर-बटणांचं दुकान होतं आणि बरोबर माझ्या डोक्यावर डॉक्टर तुळसाबाईचं नर्सिंग होम. खाली मी शिंप्यांना बटणं पुरवायचो, वर ती माणसांना टाके घालायची. तिच्याकडचा फिनेलचा वास माझ्या छतातून खाली यायचा आणि माझ्याकडची धूळ तिच्याकडे वर जायची, म्हणून दिवसातून एकदा तरी ती जिन्यात उभी राहून मला शिव्या द्यायची. शिव्या कन्नडमधून. घरची भाषा मराठी, पण मराठीत शिव्या पुरत नाहीत असं तिचं मत होतं.

मी गोष्टी थोड्या वाढवून सांगतो अशी माझी मोहल्ल्यात ख्याती आहे. ही शुद्ध बदनामी आहे. मी भरपूर वाढवून सांगतो. पण तुळसाक्काच्या बाबतीत माझी पंचाईत होते. तिला वाढवायला जागाच नाही, ती आधीच ओसंडून वाहत होती. तिनं वरून ‘पुढचा!’ म्हटलं की मार्केटातल्या फुलवाल्या टोपल्या सोडून उठून उभ्या राहत. एकदा तिला शिंक आली तेव्हा समोरच्या सोनाराच्या तराजूतलं मंगळसूत्र खाली पडलं. हे मी स्वतः पाहिलं आहे. निदान सोनारानं मला सांगितलं आहे.

आम्ही नामदेव शिंपी. अक्काचे वडील राजवाड्याच्या बँडवाल्यांचे कोट शिवायचे. भाऊ, पांडूअण्णा, त्याच मशीनवर बसला. अक्का तेवढी शिकली आणि सर्जन झाली. ‘बापानं कापड शिवलं, मी कातडी शिवते, घरचाच धंदा,’ असं ती पाहुण्यांना सांगायची आणि पांडूअण्णा शरमेनं आत कॉफी आणायला जायचा. रोग्याला ती नजरेनंच मापून घ्यायची. ‘ताठ उभा राहा रे. डावा खांदा उतरलाय, फुफ्फुसात पाणी असणार.’ मग एक्सरे निघायचा आणि खरोखर पाणी असायचं. विचार करताना बोटात वडिलांचं अंगुस्तान, शिवताना सुई टोचू नये म्हणून घालायची ती टोपी, घालून ती टेबलावर टक्‌टक्‌ करायची. टक्‌टक्‌ थांबली की समजायचं, आता कुणाचं तरी पोट फाडलं जाणार.

तिच्या नर्सिंग होमला दार नव्हतं. चौकट होती, बिजागऱ्या होत्या, दार नव्हतं. त्याची गोष्ट तिनं एकदाच सांगितली, आणि ती सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की मला कान पुढे करावा लागला.

ती नवी डॉक्टर होती, एका मोठ्या इस्पितळात. एका दुपारी फाटकापाशी बैलगाडी आली. उसात कुणी रानडुक्कर समजून गोळी झाडली होती आणि ती माणसाला लागली होती. त्या काळी रीत अशी की बंदुकीची केस म्हणजे पोलिसांची केस. आधी पोलिस येणार, कागद होणार, मग डॉक्टर हात लावणार. हात लावला की कोर्टात साक्षीला फेऱ्या, वकिलाचे टोमणे, म्हणून मोठे डॉक्टर खिशात हात घालून उभे राहायचे. ‘पोलिस येऊ दे,’ साहेब म्हणाले आणि फाटक लावून घेतलं. अक्का फाटकावरून चढून गाडीत गेली आणि त्या माणसाच्या मांडीवर दोन्ही मुठी दाबून बसली. तो तिच्याकडे बघून सारखा एकच म्हणत होता, ‘अम्मा, आत कधी नेणार?’ पोलिस आले तेव्हा त्याचं विचारणं थांबलं होतं.

‘त्याला गोळीनं मारलं नाही दादा,’ अक्का मला म्हणाली. ‘फाटकानं मारलं.’

म्हणून स्वतःचं नर्सिंग होम काढल्यावर तिनं पहिल्याच दिवशी सुताराला बोलावून दार काढायला लावलं. त्या दाराचं पुढे माझ्या दुकानातलं कापण्याचं टेबल झालं.

दार नाही म्हटल्यावर सगळं आत येणारच. भोसकलेले, भाजलेले, छर्रे लागलेले. आधी उपचार, मग पोलिसांना फोन, असा तिचा खाक्या. पोलिस चिडायचे, कोर्टात वकील विचारायचे, ‘पोलिसांची परवानगी न घेता तुम्ही पुराव्याला हात कसा लावलात?’ अक्का म्हणायची, ‘पुरावा ओरडत होता.’

मग पुढे केव्हातरी दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं निकाल दिला: जखमी कुणीही असो, गुन्हेगार असो की साव, डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, पोलिसी कागद नंतर, आणि हे सरकारी-खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू. अक्कानं ती बातमी मला जिन्यात उभी राहून वाचून दाखवली. म्हणजे तसं पाहिलं तर तिनं ती अख्ख्या म्हैसूरला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी जिन्यावर कन्नडमध्ये पाटी लागली, तिचा मराठी अर्थ असा: आधी प्राण, मग पंचनामा.

पण या कायद्याला दुसरी बाजू आहे, आणि तीही अक्का तितक्याच ठणकावून पाळायची. त्याच वर्षीच्या दसऱ्यात बन्नीमंटपाच्या मैदानापाशी बंदोबस्तासाठी तंबू टाकून राहिलेल्या बाहेरगावच्या एका हवालदारानं रायफल साफ करताना स्वतःच्याच अंगठ्यावर गोळी झाडली. पायाचा अंगठा. त्याचा इन्स्पेक्टर त्याला गुपचूप घेऊन आला. अक्कानं अंगठ्याचं जे काही उरलं होतं ते शिवलं आणि हात धुऊन फोन उचलला.

‘कुणाला करताय?’ इन्स्पेक्टर म्हणाला.

‘पोलिसांना.’

‘अहो, मीच पोलिस!’

‘मग बरं झालं, ऐका. एका पोलिसानं एका पोलिसाला गोळी मारलीय. लिहून घ्या.’

तो हात जोडायला लागला. अक्का म्हणाली, ‘साहेब, आधी उपचार हा कायदा. गोळीची जखम असली की कळवायचं, कपडे नि छर्रे सीलबंद करून द्यायचे, हाही कायदाच. अर्धा आवडला म्हणून उरलेला गिळायचा?’

आम्ही हसून हसून आडवे झालो. त्या उरलेल्या अर्ध्या कायद्याला दात असतात, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तिची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. इतर दवाखान्यांत जखमी आला की नर्स कात्री घेऊन सदरा टरटरा कापते आणि कोपऱ्यात फेकते. अक्काकडे नाही. भोक पडलेल्या कापडावरून कात्री चालवायची नाही, असा तिचा दंडक. खांद्याची, बगलेची शिवण उसवायची आणि कापड अख्खं काढायचं. हे ती घरात शिकली होती; वडील म्हणायचे, कापड कापलं की गेलं, उसवलं तर पुन्हा बोलतं. तिची नर्स रत्नम्मा शिवण उसवण्यात इतकी तरबेज झाली होती की रक्तबंबाळ माणूस स्ट्रेचरवरून टेबलावर जाईपर्यंत उघडा व्हायचा. मी म्हणायचो, रत्नम्मा रस्त्यावरून नुसती चालत गेली तरी लोकांचे सदरे गळून पडतात.

आता त्या आयुधपूजेकडे येतो.

म्हैसुरात आयुधपूजेच्या दिवशी प्रत्येक जण आपल्या हत्याराची पूजा करतो. शिंपी कात्रीची, रिक्षावाला रिक्षाची. एकदा देवापुढे ठेवलं की विजयादशमीपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. अक्काची हत्यारंही ट्रेमध्ये मांडलेली होती. चिमटे, सुऱ्या, सुया, सगळ्यांना हळदकुंकू, वर शेवंतीची फुलं. दुपारी एक जीप येऊन थांबली आणि तिच्यातून चार माणसांनी एकाला उचलून वर नेलं. तो पालथा होता. त्याच्या अंगात नवाकोरा सदरा, गर्द निळा, बारीक पिवळी रेघ. तो सदरा मी लांबून ओळखला. शहराबाहेर हूटगळ्ळीच्या बाजूची शेतं घेऊन प्लॉट पाडणारा एक बडा माणूस होता, त्याला सगळे यजमान, म्हणजे मालक, म्हणत. त्यानं आपल्या सगळ्या कामगारांना पूजेसाठी एकाच ताग्यातले सदरे शिवून दिले होते, आणि त्यांची पिवळी बटणं माझ्याकडून गेली होती.

मी मागोमाग वर गेलो. चौकशीसाठी नाही, नुसतं बघायला. दोन्हींत फरक आहे.

रत्नम्मा ट्रेसमोर हात आडवे करून उभी होती. ‘अक्का, आज आयुध मुट्टबारदु! हात लावायचा नाही!’

‘देवीला मी सांगते. तू पातेलं ठेव.’

हत्यारं पातेल्यात पडली आणि कुंकू सुटलं. पाणी बघता बघता लालभडक झालं. अजून कुणाला सुरीही लागली नव्हती आणि चुलीवर जणू रक्त उकळत होतं. अक्कानं ते पाणी ओतून दिलं, हत्यारं घासली, पुन्हा उकळली. मी थापाड्या आहे, पण ते लाल पाणी मला अजून स्वप्नात दिसतं, आणि ते मी वाढवलेलं नाही.

इकडे रत्नम्मानं सदऱ्याची शिवण उसवली. सदरा बाजूला घेतला, उजेडात धरला आणि थबकली. उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

‘अक्का, सदऱ्याला भोकच नाही.’

खालच्या बनियनला मात्र होती. पाठीवर, उजव्या खांद्याखाली, रवा चाळायच्या चाळणीसारखी, तळहाताएवढ्या जागेत पसरलेली. जळाल्याची खूण कुठेच नाही.

आणलेल्या चौघांतला एक, मिशीवाला, घाईघाईनं म्हणाला, ‘पूजेला ठेवायची बंदूक पुसत होता अम्मा. उडाली.’

अक्काच्या बोटात अंगुस्तान नव्हतं, तरी तिनं टेबलावर टक्‌टक्‌ केलं. बंदूक स्वतः पुसणाऱ्याला जवळून लागते, एक मोठं भोक पडतं, कापड करपतं. छर्रे असे पसरायचे तर बंदूक लांब हवी. आणि पाठीत लागायचे तर माणूस पळत असायला हवा. पण ‘बाहेर व्हा,’ एवढंच ती म्हणाली.

त्या माणसाचं नाव महादेव. तो यजमानाचा कामगार नव्हताच. यजमानानं घेतलेल्या सगळ्या शेतांच्या मधोमध त्याचं शेत होतं आणि ते तो विकत नव्हता. यजमानाच्या माणसांना वाटलं, आपला पूजेचा सदरा चढवला की झाला आपला कामगार, आणि मग अपघात सांगायला मोकळे. सदरा छान इस्त्रीचा होता. तो घालताना त्याला भोक पाडायला हवं, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही. सणाचे कपडे कोण फाडतो?

अक्कानं छर्रे काढले. महादेव जगला. संध्याकाळी यजमान स्वतः फळांची करंडी घेऊन आला. गोरा, गोड, हळू बोलणारा. त्याच्या कपाळावर पूजेचं कुंकू होतं. पोलिस सगळे दसऱ्याच्या बंदोबस्ताला, फोन नुसता वाजत होता आणि अक्का तो पुन्हा पुन्हा फिरवत होती.

‘डॉक्टरम्मा, माझा माणूस वाचवलात. चामुंडी तुमचं भलं करो.’

‘तुमचा माणूस?’

‘सदरा बघा ना. सुम्ने, आपला असाच अपघात झाला. आता कशाला फोन? कायदा काय सांगतो, जीव वाचवा. तुम्ही वाचवला. झाला कायदा.’

‘अर्धा झाला. उरलेल्या अर्ध्याला लाइन मिळत नाहीये.’

यजमान फोनकडे बघत राहिला. मग अगदी मायेनं म्हणाला, ‘नाही मिळाली तर बरं, अक्का.’

अक्का म्हणणारे शंभर होते. पण त्यानं ते म्हटलं आणि माझं लक्ष दार नसलेल्या चौकटीकडे गेलं.

लाइन मिळाली. सदरा, बनियन आणि छर्रे सीलबंद होऊन पोलिसांकडे गेले. यजमानावर केस झाली, तो जामिनावर सुटला, आणि महादेवाला एकाएकी काही आठवेनासं झालं. त्याच्या बायकोनं येऊन अक्काचे पाय धरले, ‘आम्हाला तिथंच राहायचंय अम्मा.’ अक्कानं तिला उठवून बसवलं. त्या दिवसापासून सगळा खटला एका माणसाच्या तोंडावर उभा राहिला. अक्कानं कोर्टात जखम पाठीतली आणि लांबून केलेली आहे, सदरा नंतर चढवला आहे, असं सांगितलं तर यजमान आत. तिनं ‘नीट आठवत नाही’ म्हटलं तर अपघात.

मग ती जीप येऊ लागली. रोज, माझ्या दुकानासमोर. बॉनेटवर तो मिशीवाला बसायचा, शेंगा फोडायचा, टरफलं रस्त्यावर टाकायचा. कुणाला काही म्हणायचा नाही. जिना चढणाऱ्या प्रत्येकाकडे मात्र असा बघायचा, जणू चेहरा पाठ करतोय. आधी बायका यायच्या थांबल्या, मग म्हातारे. माझी गिऱ्हाइकंही समोरच्या बाजूनं चालायला लागली. रत्नम्माच्या घरासमोरही एक दिवस टरफलांचा ढीग सापडला. ती दुसऱ्या दिवशी कामावर आली, पण तिच्या हातातून चिमटे खाली पडत होते. मोहल्ल्यात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. अक्कासुद्धा शिव्या देईना. मी मुद्दाम धूळ झटकली तरी देईना.

साक्षीची तारीख जवळ आली तेव्हा एक पुडकं आलं. चंदनाच्या उदबत्तीचा घमघमाट. आत एक ब्लाउज. गर्द निळा, बारीक पिवळी रेघ. तोच तागा.

अक्कानं तो हातात धरला. गळा, बाही, छाती, सगळं तिच्याच मापाचं. पाठीवर, उजव्या खांद्याखाली, उदबत्तीनं जाळून पाडलेली बारीक बारीक भोकं, तळहाताएवढ्या जागेत पसरलेली.

पांडूअण्णाला बोलावलं. त्यानं ब्लाउजची आतली शिवण बघितली. शिवण त्याची होती. एक बाई कापड घेऊन आली होती म्हणे. म्हणाली, डॉक्टरम्मांनी माझा जीव वाचवला, त्यांना भेट द्यायचीय, त्यांना कळू देऊ नका, माप तुमच्याकडे असेलच. बहिणीचं कौतुक ऐकून बिचारा फुलून गेला. रात्रीत शिवला. वर हौसेनं बाहीला पायपिंगही घातलं.

‘तुळसा,’ तो म्हणाला, ‘माझ्याच हातानं त्यांना तुझं माप दिलं गं.’

‘अण्णा, रडू नको. पायपिंग छान झालंय.’

‘सांग की कोर्टात, आठवत नाही म्हणून. किती जखमी बघतेस तू, एक विसरलीस तर काय होतं?’

अक्कानं ब्लाउज उलटा केला, सुलटा केला. ‘विसरले असते तर बरं झालं असतं,’ ती म्हणाली. ‘पण अण्णा, उद्या गोळी लागलेला कुणी या जिन्यावर आला आणि त्याला आणणाऱ्यानं विचारलं, ही डॉक्टर गप्प बसते ना? तर त्याला काय सांगणार? लोकांना कळलं की मी गप्प बसते, तर इथे जखमी येणारच नाहीत. मारणारेच येतील, सदरे चढवून.’

पांडूअण्णानं ब्लाउजची घडी घातली.

ब्लाउज घेऊन ती पोलिसांकडे गेली. तिथला साहेब हसला. ‘ब्लाउजला भोकं पडली, यात गुन्हा कुठला डॉक्टर? शिंप्याला सांगा, रफू करील.’ ती तशीच परत आली, जिना चढताना मला म्हणाली, ‘दादा, दुकान झाडत जा रे, केवढी धूळ!’ पण त्या ओरडण्यात जीव नव्हता.

शेवट लवकर सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही जीव मुठीत धरून बसाल. साक्ष झाली. तिनं सगळं सांगितलं. यजमानाच्या वकिलानं विचारलं, सदरा गोळी लागल्यानंतर चढवला, हे तुम्ही ठामपणे कसं सांगता? अक्का म्हणाली, ‘मी नाही सांगत. सदरा सांगतोय.’ यजमानाला शिक्षा झाली, तो वरच्या कोर्टात गेला, तिथून पुन्हा जामिनावर बाहेर आला आणि जीप पुन्हा आली. वर्षानुवर्षं ती येत राहिली, कधी महिनाभर नाही, कधी रोज. अक्काचे हात थरथरायला लागून तिनं ऑपरेशनं थांबवली तोपर्यंत वरच्या कोर्टातलं प्रकरण चालूच होतं. ती गोळीनं गेली नाही. साखरेच्या आजारानं, आपल्या अंथरुणात गेली. पण तोवर प्रत्येक दिवशी जिना उतरताना ती आधी रस्ता बघायची, हे मला खालून दिसायचं.

मला मात्र ती आठवते ती त्या साक्षीच्या सकाळची.

फुलांच्या गाड्या मार्केटाकडे निघालेल्या. जीप होतीच. मिशीवाला बॉनेटवर, हातात शेंगा. सगळ्या दुकानांच्या फळ्या अर्ध्याच उघडलेल्या, फटीतून डोळे. पांडूअण्णा रिक्षा थांबवून तिच्याशेजारी उभा, पांढराफटक. अक्का जिना उतरली. पांढरी साडी, आणि अंगात तो निळा ब्लाउज. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला.

‘तुळसा, रिक्षा इकडं,’ पांडूअण्णा पुटपुटला.

ती रिक्षाकडे गेली नाही. रस्ता ओलांडून जीपकडे गेली. मिशीवाल्याचा हात तोंडाशीच थांबला. अक्का त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली, त्याच्याकडे एकदा बघितलं, मग वळली आणि पाठ त्याच्याकडे केली. उजव्या खांद्यावरून पदर खाली घेतला. चाळणीसारखी भोकं, आणि त्यांच्यातून दिसणारी तिची गोरी, वयस्क, जराशी शहारलेली कातडी.

‘नीट बघून घे,’ ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. ‘यजमानांना सांग, माप बरोबर आहे.’

बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिनं पदर वर घेतला, सावकाश चालत रिक्षात जाऊन बसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, ‘कोर्ट.’